पानाखालचा पत्ता

"पत्ता दिला म्हंजे तितं घर पायजे," असं म्हणून सर संगणकाच्या पडद्यावर बोट टेकवायचे. काचेवर ठसा उमटायचा आणि तो पुसायचं काम माझ्याकडे यायचं.

मलकापूरच्या एका कॉलेजात आम्ही दोघं संगणक शिकवायचो. सर कडेगावकडचे, ऊसवाल्या घरातले. वर्गात पुस्तकी बोलायचे, तापले की गावाकडचं. कुणी आष्ट्याची वाट विचारली, तर तोंडी सांगून त्यांचं भागायचं नाही. स्कूटर काढून फाट्यापर्यंत सोडायला जायचे. एकदा असेच गेले आणि इकडे वर्ग त्यांची वाट बघत बसला.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. पुण्याहून सीडीवर एक फुकटची ऑपरेटिंग सिस्टिम यायची. तिच्यात प्रत्येक कमांडची माहिती देणारं एक पान असायचं आणि पानाच्या तळाशी 'हेही पाहा' म्हणून दुसऱ्या पानांची नावं. ती ओळ तुम्ही-आम्ही कशाला वाचतोय! सर वाचायचे आणि दिलेल्या प्रत्येक पानावर जाऊन यायचे.

बिघडलेली डिस्क दुरुस्त करण्याच्या पानाखाली त्यांना असं एक नाव सापडलं, की त्या नावाचं पानच नव्हतं. त्यांनी ती पानं लिहिणाऱ्या परदेशातल्या मंडळींना ईमेलने कळवलं. उत्तर आलं, मग ते नाव काढून टाकू. सर भडकले.

"पत्ता खोडून काय हुतंय? गडी वाटंत अडकलाय, त्याचं काय?"

ती माहिती भलत्याच नावाच्या पानात गेली होती, हे त्यांनी शोधून काढलं. पण तेवढ्यावर थांबतील तर ते सर कसले! त्यांनी ती पानं छापून घेतली, घरच्या संगणकाची डिस्क मुद्दाम बिघडवली आणि नुसत्या कागदांवर ती दुरुस्त करायला बसले. वहिनींनी कपाळाला हात लावला. मी मध्येच एक कमांड सुचवली, तर मला थांबवलं.

"मॅडम, त्या माणसाजवळ तुमी कुठं असनार? त्याला ह्यो कागद सोडून कोन हाय?"

कधी न भेटणाऱ्या माणसासाठी कुणी इतकं करतं, हे मी पहिल्यांदाच बघत होते. मी थक्क झाले. संध्याकाळी मशीन सुरू झालं, तेव्हा कुठे त्यांनी योग्य नाव कळवलं.

मग सरांचं आजारपण निघालं. मिरजेच्या दवाखान्यात भेटायला गेले की तब्येतीचं मला विचारूच द्यायचे नाहीत.

"नवी सीडी आली का?"

ती आली, तेव्हा सर नव्हते. मी ते पान उघडून तळाशी गेले. त्यांनी कळवलेलं नाव तिथे होतं. सरांचं स्वतःचं नाव कुठेच नव्हतं. मला रडू आवरेना.

पुढे आष्ट्याला नोकरी करणारा माझा एक जुना विद्यार्थी भेटला. सरांनी त्याला कधी शिकवलं नव्हतं. ऑफिसातली डिस्क गेली होती, ती त्याने एकट्याने परत उभी केली होती.

"कुणी सांगितलं रे?" मी विचारलं.

"कोन सांगनार मॅडम? लय घाबरलो हुतो. पानाखाली दुसरं पान दिल्यालं, तितं गेलो. समदं तितंच हुतं."