मुकादम सरांची मापवही

जूनमध्ये शाळा उघडली की पहिल्या शनिवारी मुकादम सर गळ्यात शिंप्याची टेप अडकवून मैदानात उभे राहायचे. खेळाच्या शिक्षकाच्या गळ्यात शिट्टी असते, सरांच्या गळ्यात दोन्ही असायचं. मी कडावच्या शाळेत विज्ञान शिकवायला नवीनच लागले होते. पहिल्याच आठवड्यात हा गृहस्थ माझ्याकडे आला, माझ्या हातात दुसरी टेप ठेवली आणि म्हणाला, "मुलगे मी मोजतो. मुली तुमी मोजायच्या. मी पाठ फिरवून बसतो न् लिवतो. फक्त आकडा मोठ्यानं बोला, बाई. कुजबुजलं की शिंप्याचा कपडा चुकतो."

मला वाटलं, गणवेशाची मापं घेतायत. पण गणवेश तर केव्हापासून तयार मिळत होते. ही मापं कशासाठी, हे विचारायला मला दिवाळी उजाडली.

सरांचे वडील कर्जतच्या बाजारात शिंपी होते. आसपासच्या शाळांचे गणवेश त्यांच्या मशीनवर शिवले जायचे. त्यांच्या लाल बांधणीच्या वह्या सरांनी जपून ठेवल्या होत्या. नाव, गाव, इयत्ता, उंची, छाती, कंबर. वडील गेले, सर शाळेत मास्तर झाले, दुकान फक्त रविवारी उघडायचं. वही मात्र सरांनी बंद केली नाही. कपडे शिवायचे नसले तरी शाळेतल्या प्रत्येक मुलाचं माप दर जूनला तिच्यात चढायचं.

त्या दिवशी त्यांनी जुनी वही उघडून एका नावावर बोट ठेवलं. दत्ता ठोंबरे, सातवी, कंबर बावीस. मग नवी वही काढली. सानिका दत्ता ठोंबरे, सातवी, कंबर एकतीस.

"बाप न् लेक. एकच घर, एकच इयत्ता. मधी काय झालं, सांगा. तुमी विज्ञानवाल्या."

मी उत्साहाने उष्मांकांवर पंधरा मिनिटं बोलले. सरांनी शहाण्या विद्यार्थ्यासारखं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बरोबर हाय. पण हे पोरीनं एकटीनं केलेलं नाय." मला तेव्हा ते थोडं लागलं. माझ्या पंधरा मिनिटांत सगळा दोष पोरीच्या तोंडावर होता, हे खरंच होतं.

सानिका ही सरांची कबड्डीतली आशा. चढाईला गेली की समोरच्या मुली आधीच मागे सरायच्या. तिचा बाप खालापूरकडच्या एका कारखान्यात कंत्राटावर होता. चिप्स, बिस्किटं, केक, सगळं पाकीटबंद. आमच्या शाळेतले निम्मे पालक तिथेच होते. तुटलेली बिस्किटं आणि चुरा झालेल्या चिप्स कामगारांना दर आठवड्याला पिशवी भरून घरी न्यायला मिळायच्या. आया सकाळी सहाला फार्महाउसांवर कामाला निघायच्या. मग डब्यात भाकरी कोण घालणार? पिशवीतून मूठभर काढलं की डबा तयार. त्यांना नावं ठेवायची माझी छाती नाही. माझ्या घरीही मी दमून आले की हेच व्हायचं.

सर रविवारी लहान मुलांचे कपडे शिवायचे, त्यात त्यांचा एक हट्ट होता. वाढत्या अंगाच्या कपड्यात शिंपी आत जादा कापड दुमडून ठेवतो, त्याला ते माया म्हणतात. सर ती फक्त खालच्या काठाला ठेवायचे. गिऱ्हाईक म्हणायचं, मास्तर, बाजूच्या शिवणीतही सोडा थोडं, पोरगं अंगानं सुटतंय. सर साफ नाही म्हणायचे. "पोरानं वर वाढावं. बाजूला कापड सोडलं म्हंजे मी मान्य केल्यासारखं झालं." गिऱ्हाईक हसून तयार कपड्यांच्या दुकानात जायचं. आम्ही शिक्षकही त्यांना चिडवायचो, की सर, तुमच्या हट्टापायी मशीन गंजणार. ते टेपेचं टोक बोटाला गुंडाळत हसायचे.

मग एक दिवस परिपत्रक आलं. शाळेत आणि शाळेपासून ठरावीक अंतरात असले पाकिटातले पदार्थ विकायचे नाहीत. सरांनी ते माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं. आपल्या वहीतलं दुखणं सरकारला कळलं, असं त्यांना वाटलं. त्याच दुपारी त्यांनी फाटकापासून अंतर मोजायला घेतलं. टेप दीड मीटरची. सर वाकून वाकून रस्ता मोजतायत आणि मागे शंभर मुलं एका सुरात आकडे म्हणतायत, ते दृश्य मी विसरणार नाही. अंतर भरलं तिथे त्यांनी कबड्डीचं मैदान आखायच्या फक्कीने रस्त्यावर पांढरी रेघ ओढली.

फाटकासमोरच्या टपरीवाल्या मावशी तक्रार न करता रेघेपलीकडे गेल्या. आठ दिवसांत मधली सुट्टीही रेघेपलीकडे गेली.

सर खचले नाहीत. माझ्याकडून अर्ज लिहून घेतला, वह्या कापडी पिशवीत भरल्या आणि आम्ही दोघं तालुक्याच्या एका कचेरीत गेलो. तिथले साहेब भले होते. त्यांनी वह्या खरंच चाळल्या. मग आपला तक्ता पुढे सरकवला. आमचा भाग डोंगरातल्या वाड्यांचा, त्यामुळे तक्त्यात कमी वजनाच्या मुलांचे चांगले तीन रकाने होते. जास्त वजनाचा एकही नव्हता. साहेब म्हणाले, ही मुलं आम्ही 'सुदृढ'मध्ये धरतो. त्या हिशेबाने तुमची शाळा तालुक्यात फार पुढे आहे, मुकादम सर, अभिनंदन.

"म्हंजे आमची सानिका सुदृढ?"

"कागदावर तरी," साहेब ओशाळून म्हणाले.

त्यांच्या शेजारी एक तरुण, नम्र माणूस बसला होता. शाळांजवळ काय विकायला चालेल, याची यादी करणाऱ्या समितीवर तो होता, आणि तो त्याच कारखान्याचा होता. मला हे विचित्र वाटलं, पण साहेबांना नाही. खाण्याच्या धंद्यातलं ज्याला कळतं त्यालाच घ्यावं लागतं, असं ते म्हणाले. त्या माणसाने वह्या आदराने हातात घेतल्या. अशी माहिती आम्हाला कुठेच मिळत नाही सर, फोटो काढू का, असं विचारलं. आजवर सरांच्या वहीचं कौतुक कोणी केलं नव्हतं. सरांनी पानं सरळ धरून त्याला एकेक फोटो काढू दिला. परत येताना रिक्षात ते सारखे म्हणत होते, बघितलंत ना बाई, माणूस चांगला निघाला.

चार महिन्यांनी यादी आली. कारखान्याचं एक नवीन पाकीट तिच्यात होतं. आत तेच तळलेलं, वर नाचणीच्या कणसाचं चित्र. ते शाळेच्या आतही चालणार होतं. मावशी रेघेच्या अलीकडे परत आल्या. त्याच सुमारास कारखान्याने शाळेला मदत देऊ केली. मुलांना कबड्डीची मॅट आणि टी-शर्ट, प्रयोगशाळेला दहा सूक्ष्मदर्शक. बदल्यात वर्षातून एकदा पोषण सप्ताह साजरा करायचा आणि त्यात पाकिटं वाटायची. संमतीच्या कागदावर सगळ्या शिक्षकांच्या सह्या हव्या होत्या.

मी सही केली. आधीची शाळा धरून दहा वर्षं मी मुलांना पेशी फळ्यावर काढून दाखवत होते. सरांनी केली नाही. त्यांनी कागद पुढे सरकवला आणि मला फक्त म्हणाले, "तुमचं बरोबर हाय बाई. पोरांना यंत्र पायजेच." त्यांनी मला दोन शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

एका सहीवाचून काही अडलं नाही, टी-शर्ट आले. छातीवर नाचणीचं कणीस आणि पाकिटाचं नाव. वाटप सुरू झालं तसं आम्ही चकित झालो, कारण प्रत्येक मुलाला ते अचूक बसत होते, एकही घट्ट नाही, एकही ढगळ नाही. गठ्ठ्यांवर इयत्तेवार यादी चिकटवली होती. सर ती यादी बराच वेळ वाचत उभे राहिले. सानिकाचा टी-शर्ट तिच्या हातात देताना त्यांनी तो सवयीने खांद्याला लावून पाहिला.

"माप आपलंच हाय, बाई," ते म्हणाले.

पुढच्या जूनमध्ये त्यांनी मापं घेतली, पण मैदानात नाही, सामानाच्या खोलीत दार लावून. मुली आता श्वास आत ओढून उभ्या राहायच्या. मी आकडा मोठ्याने म्हणायचे आणि तो ऐकून मुलीची मान खाली जायची. मला त्या टेपेचा राग यायला लागला होता.

नववीत असताना सानिका सरावात चक्कर येऊन पडली. कर्जतच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि साखर निघाली. ही म्हाताऱ्यांची साखर चौदा वर्षांच्या पोरीला, असं दत्ता ठोंबरे शाळेत येऊन पुन्हा पुन्हा सांगत होता. सर त्याला म्हणाले, ती पिशवी घरी आणू नको रं. तो म्हणाला, "नाय आणली तर सुपरवायझर इचारतो, आपला माल आवडत नाय काय म्हनून. काम जाईल, सर." सानिकाची कबड्डी सुटली. मॅट आली होती, कोरी करकरीत, आणि चढाईला पोरगी नव्हती. त्या वर्षीच्या तक्त्यातही ती सुदृढच होती. तक्ता मीच भरला होता.

दोन वर्षांनी सर निवृत्त झाले. निरोपाच्या कार्यक्रमाला प्रत्येकाच्या बशीत समोशाशेजारी कणसाचं पाकीट होतं. सरांनी ते उचलून मावशींच्या नातीला दिलं आणि लगेच तिच्याकडून परत मागून घेतलं. काय करावं ते त्यांना कळेना. ते पाकीट शेवटी त्यांच्या खिशातच राहिलं.

मी त्यांना शेवटचं भेटले ते दुकानात. माझी लेक रेवा तेव्हा अकरा वर्षांची होती. दिराच्या लग्नासाठी तिला ड्रेस हवा होता आणि तयार कपड्यांत तिच्या वयाचं काही तिला होत नव्हतं. सर खूप वाळले होते, पण आम्हाला बघून खुलले. टेप माझ्या हातात दिली, वही घेतली आणि जुन्या सवयीने पाठ फिरवून बसले.

"बोला बाई. मोठ्यानं."

मी उंची सांगितली. छाती सांगितली. मग टेप रेवाच्या कमरेभोवती फिरवली आणि आकडा बघितला. रेवाने श्वास आत ओढला होता, तरी तो तेवढा होता. शेकडो आयांच्या मुलींचे आकडे मी शाळाभर ऐकू जातील असे ओरडले होते. त्या दिवशी मी आकडा चार इंच कमी करून सांगितला, आणि तोही कुजबुजत.

सरांची पेन्सिल थांबली. मग त्यांनी मी सांगितलेला आकडा लिहिला. रेवाला विचारलं, फ्रिल पायजे का गं? ती हो म्हणाली.

ड्रेस रेवाला अगदी बरोबर बसला. माझ्या खोट्या मापाचा शिवला असता तर तो चढलाच नसता. मी फोन करून आभार मानले. मापाबद्दल मी बोलले नाही आणि तेही बोलले नाहीत. त्या थंडीत सर गेले.

पुढच्या दिवाळीला तो ड्रेस घट्ट झाला. रेवा आरशासमोर रडायला लागली, म्हणून मी काही करता येतं का बघायला तो उलटा केला. काठाला नेहमीइतकं कापड दुमडलेलं होतं. मग मी बाजूच्या शिवणी चाचपल्या. दोन्ही बाजूंना, काखेपासून खालपर्यंत, सरांनी चार चार बोटं कापड आत सोडून ठेवलं होतं.