पत्रातला अशक्तपणा

गाझियाबादच्या पुढे, हायवेला लागून आमचं कॉलेज उभं राहिलं तेव्हा आजूबाजूला अजून उसाची शेतं होती. नवी खाजगी कॉलेजं भराभर निघत होती, आणि जो तो आपल्या मुलांना कॉम्प्युटर शिकवायला निघाला होता. आमच्या गुळगुळीत माहितीपत्रकात 'चोवीस तास वैद्यकीय सेवा' असं छापलं होतं. प्रत्यक्षात मुलींच्या होस्टेलच्या तळमजल्यावर एक सिक रूम होती. तिच्यात एक खाट, एक थर्मामीटर, आणि आठवड्यातून दोनदा येणारे एक म्हातारे डॉक्टर.

मी तिथे इंग्रजी शिकवायची आणि त्या होस्टेलची वॉर्डनही होते. दिल्लीत सरोजिनी नगरच्या दोन खोल्यांच्या सरकारी क्वार्टरमध्ये वाढलेल्या मला पहिल्यांदाच स्वतःची खोली मिळत होती, म्हणून वॉर्डनकी आनंदानं घेतली. कुणी आजारी पडलं तर काय करायचं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं.

होस्टेलमधली एक मुलगी पानिपतची होती. वडील घरच्या हातमागावर चादरी विणायचे. त्या घरातून कॉलेजात आलेली ती पहिलीच. बोलायची कमी, पण कॉम्प्युटर लॅबमधून तिला अक्षरशः उठवून न्यावं लागे. दुसरं वर्ष सुरू झालं आणि तिला खोकला लागला. मी सिक रूममधलं औषध दिलं. महिना झाला तरी खोकला जाईना, तेव्हा डॉक्टरांनी एक्स-रे काढायला सांगितला. मीच तिला रिक्षानं घेऊन गेले. टीबी निघाला.

डॉक्टर शांतपणे म्हणाले, "घाबरायचं कारण नाही. गोळ्या सुरू झाल्या की दोन-तीन आठवड्यांत इतरांना धोका राहत नाही. तोवर हिला वेगळी खोली द्या. मात्र गोळ्या सहा महिन्यांचा पूर्ण कोर्स होईपर्यंत, एक दिवसही न चुकवता."

तिची रूम पार्टनर घाबरली आणि तिनं घरी फोन केला. दुसऱ्या दिवशी त्या पार्टनरचे वडील गाडी घेऊन थेट डायरेक्टरांच्या केबिनमध्ये. ते गेल्यावर मला बोलावणं आलं.

"मॅडम, मैं एक लड़की को देखूँ या दो सौ लड़कियों की सेफ्टी को?"

मी डॉक्टरांचं म्हणणं सांगितलं. सिक रूममध्ये ठेवू, म्हटलं.

"और बाकी पेरेंट्स को क्या जवाब दूँ? घर भेजिए. लेटर आप ही ड्राफ्ट कर दीजिए, आपकी इंग्लिश अच्छी है."

मी पत्र लिहायचं कबूल केलं. नोकरी नवी होती. तिला आमच्या क्वार्टरमध्ये नेऊन ठेवावं, असंही क्षणभर मनात आलं होतं. आई नाही म्हणेल, असं मीच ठरवून टाकलं. आईला विचारलंसुद्धा नाही.

त्या संध्याकाळी ती माझ्या खोलीत आली. दारातच उभी राहिली, तोंडावर ओढणी धरून.

"मॅम, लेटर में टीबी मत लिखिए."

"का गं?" माझ्या तोंडून मराठीच निघालं. मग हिंदीत विचारलं.

"दीदी का रिश्ता पक्का हुआ है. सबको पता चल गया तो टूट जाएगा."

"और दवाई?"

"छुपकर खा लूँगी. बिल्कुल नहीं भूलूँगी, मॅम. पक्का."

ती एकोणीस वर्षांची होती. मी तिच्याहून दहाच वर्षांनी मोठी. तिचं घरी जाणं टाळू शकले नाही, निदान एवढं तरी तिच्या मनासारखं करावं, असं मला वाटलं. मी पत्रात लिहिलं: अशक्तपणा, दीर्घ विश्रांतीची गरज. दोन महिन्यांच्या गोळ्या एका पिशवीत बांधून दिल्या, आणि संपल्या की सरकारी दवाखान्यात जा, म्हणून बजावलं. एकटी कशी जाणार होती ती? ते माझ्या डोक्यातच आलं नाही.

तिला न्यायला वडील आले. हात जोडून म्हणाले, "मॅडमजी, आपने बच्ची का बड़ा ख़याल रखा."

दिवाळीच्या सुमारास तिचं पत्र आलं. वजन वाढलंय, खोकला गेलाय, पुढच्या वर्षी नक्की येते. मला हायसं वाटलं. गोळ्या चालू आहेत ना, हे विचारायचं होतं. पण उत्तर घरात कुणीही फोडून वाचेल, म्हणून 'तब्येतीला जप' एवढंच लिहिलं.

जुलैत मुली परत आल्या. ती आली नाही. मी पत्र टाकलं. उत्तर वडिलांनी कुणाकडून तरी लिहवून घेतलं होतं. ती एप्रिलमध्ये गेली होती.

रविवारी मी बसनं पानिपतला गेले. वडिलांनी खाट टाकली, आतून चहा आला. माग बंद होता. ते सांगत होते, मी ऐकत होते. अशक्तपणा म्हणून दूध दिलं, तूप दिलं. चेहरा भरला. थंडीत पुन्हा खोकला सुरू झाला, तेव्हा वाटलं हवा लागली असेल. रक्त पडलं तेव्हा कुठे मोठ्या डॉक्टरकडे नेलं. मग तिच्या ट्रंकेत गोळ्यांची रिकामी पाकिटं सापडली. दोनच महिन्यांची.

"मॅडमजी, आपको मालूम था?"

"हाँ," मी म्हणाले.

 "हमें बता देतीं," एवढंच म्हणाले. आवाज चढला असता तर बरं झालं असतं.

निघताना त्यांनी विचारलं, तिचा पहिल्या वर्षाचा निकाल लागला होता का? लागला होता, ती घरी गेल्यावर. मार्कशीट ऑफिसातच पडून होती.

सोमवारी मी ती मागायला गेले तेव्हा क्लार्क म्हणाला, "स्टूडेंट को खुद आना पड़ेगा, साइन करके लेना होता है."

मी रजिस्टर ओढलं आणि तिच्या नावापुढे माझी सही केली. त्यानं मार्कशीट काढून माझ्या हातात दिली. त्याच आठवड्यात मी वॉर्डनकी सोडली. सिक रूम होती तशीच राहिली.

पुढच्या रविवारी मार्कशीट घेऊन पुन्हा गेले. वडिलांनी हात पुसून ती घेतली, उलटसुलट पाहिली आणि माझ्याकडे परत दिली. इंग्रजी त्यांना वाचता येत नव्हतं. मी एकेक विषय वाचला. कॉम्प्युटरमध्ये एक्क्याऐंशी.

"इक्यासी," ते आतल्या खोलीच्या पडद्याकडे तोंड करून मोठ्यानं म्हणाले.

पडद्यामागून तिची आई म्हणाली, "एक बार फिर से पढ़ दीजिए."

मी पुन्हा वाचायला लागले. गणितापर्यंत आले आणि पुढची अक्षरं दिसेनाशी झाली. वडील शेजारी येऊन बसले आणि माझा हुंदका ओसरेपर्यंत तो कागद त्यांनीच धरून ठेवला.