शिक्षा चालू असताना सत्कार

"सर, आईला बोरिवलीला कुठे पाठवता येईल का?"

कोर्टाच्या जिन्यात अभिजित तळपदे मला हळू आवाजात विचारत होता. बँकेत मॅनेजर. इस्त्रीचा शर्ट, घामाने भिजलेला.

"बोरिवलीच का?"

"तिथे आम्हाला कोणी ओळखत नाही."

आई बाजूलाच उभी होती. "मी ठाकूरद्वारहून बोरिवलीला जाणार नाही," तळपदेबाई म्हणाल्या. "माझे गुडघे दुखतात."

मी परिवीक्षा अधिकारी आहे. हा शब्द नोकरी लागेपर्यंत मलाही माहीत नव्हता. कोर्टात आम्हाला पीओ म्हणतात. छोट्या गुन्ह्यातल्या माणसाला जेलमध्ये न घालता बाहेर ठेवायचं ठरलं, की त्याच्यावर लक्ष ठेवणारा माणूस म्हणजे मी. नव्या कायद्यात आता सामुदायिक सेवा नावाची शिक्षा आली आहे. किरकोळ चोरी असेल, पहिलाच गुन्हा असेल आणि वस्तू परत केली असेल, तर जेल नाही. त्याऐवजी लोकांच्या उपयोगाचं काम करायचं, पगार न घेता. काम करण्याची जागा कुठून आणायची, हे कायद्यात नाही. ते माझ्याकडे आलं.

तळपदेबाईंनी दादरच्या एका पूजासाहित्याच्या दुकानातून पितळेचं निरांजन उचललं होतं. विमा कंपनीतून ऑफिसर म्हणून रिटायर झालेली बाई. वकिलाने सांगितलं होतं, केस लढवू, विसरून पर्समध्ये गेलं म्हणू. बाईंनी मॅजिस्ट्रेटसमोर गुन्हा कबूल केला. "उचललं तर उचललं," एवढंच म्हणाल्या.

रिपोर्टसाठी मी त्यांना कारण विचारलं होतं.

"घरी निरांजन नव्हतं का?"

"तीन आहेत."

"मग?"

"कळत नाही हो. हातात घेतलं आणि चालायला लागले. रस्ता ओलांडल्यावर छान वाटलं. मग दुकानातला माणूस धावत आला."

मी जागा शोधायला लागलो. एका वाचनालयाने विचारलं, गुन्हा कोणता? मी सांगितलं. ते म्हणाले, आमच्याकडे पुस्तकं असतात. एका बागेत माळ्यांनी सांगितलं, फुकट काम करणारी माणसं आली तर आमचं काय? मुद्दा बरोबर होता. शेवटी परळला एका ट्रस्टच्या धर्मशाळेत गेलो. बाहेरगावचे पेशंट उपचाराला येतात, त्यांचे नातेवाईक तिथे राहतात. मॅनेजर परब माझ्यासारखाच लालबागचा.

"मारामारी वगैरे नाही ना?" परबने विचारलं.

"निरांजन."

"चालेल. स्वयंपाकघरात माणूस कमीच आहे."

बाई शिक्षेवर आहेत हे परबशिवाय कोणाला सांगायचं नाही, असं ठरलं. नियम म्हणून नाही. माणसाला काम करू द्यायचं असेल तर ते बरं असतं.

स्वयंपाकघर शोभामावशींच्या ताब्यात होतं. मूळ कणकवलीकडच्या, आवाज पहिल्या मजल्यापर्यंत जाणारा. त्यांचा समज झाला की ही कोणी पैसेवाली बाई हौसेने सेवा करायला आली आहे. अशा बायका त्यांनी आधी पाहिल्या होत्या. दोनदा येतात, फोटो काढतात, जातात.

मी पहिल्यांदा पाहणीला गेलो तेव्हा मावशी दुधीचा एक तुकडा हातात धरून उभ्या होत्या.

"बाये, ह्यो दुधी कुऱ्हाडीन तोडलंस काय?"

"बारीक करू का, शोभाताई?"

"माका काय इचारतंस? खाणाऱ्याक इचार!"

ऑफिसर म्हणून रिटायर झालेली बाई मान खाली घालून दुधी परत चिरायला लागली. मी बाहेर आल्यावर विचारलं, "त्रास होतोय का? परबशी बोलू?"

"नको," त्या म्हणाल्या. "मिस्टर गेल्यापासून माझ्यावर कोणी ओरडलेलं नाही. सगळे हळू आवाजात बोलतात, मी आजारी असल्यासारखे."

हे मी रिपोर्टमध्ये घातलं नाही. तसा रकाना नाही.

सगळं सुरळीत चाललं होतं. मग एक दिवस परबचा फोन आला.

"साहेब, लोचा झालाय. वार्षिक कार्यक्रमात ट्रस्टी स्वयंसेवकांचा सत्कार करतायत. शाल, श्रीफळ. तळपदेबाईंचं नाव घातलंय."

"काढायला सांग."

"कारण काय सांगू?"

कारण सांगायचं नाही, असं आमचंच ठरलं होतं. मी आमच्या साहेबांकडे गेलो. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"शिक्षा चालू असताना सत्कार घेऊ नये, असं नियमात कुठे आहे का?"

"नाही, सर."

"मग आपण ट्रस्टला कशाला लिहायचं? तुम्ही बघून घ्या."

मी अभिजितला फोन केला. त्याला आनंद झाला. "होऊ दे ना, सर! मी नातेवाइकांना सांगितलंच आहे, आई समाजसेवा करते म्हणून. फोटो पण मिळेल."

राहिल्या बाई. त्यांना मी सुचवलं, "त्या दिवशी जरा बरं नाही म्हणून सांगा."

"त्या दिवशी माझं काम आहे. दांडी मारली तर तुम्हीच कोर्टाला कळवाल."

ते खरं होतं. मी कळवलं असतं.

कार्यक्रम धर्मशाळेच्या हॉलमध्ये झाला. मी मागच्या रांगेत बसलो. पुढे अभिजित, त्याची बायको, सासू-सासरे आणि ठाकूरद्वारच्या दोन आत्या. अभिजितच्या हातात मोबाइल, व्हिडिओ चालू. नाव पुकारल्यावर तळपदेबाई स्वयंपाकघरातून आल्या. पदर खोचलेला, हात ओले. मुख्य ट्रस्टींनी त्यांना शाल पांघरवली, चार शब्द बोलायला सांगितलं.

बाईंनी शाल काढली, नीट घडी केली आणि टेबलावर ठेवली.

"मी स्वयंसेविका नाही," त्या म्हणाल्या. "मी दादरच्या दुकानातून निरांजन चोरलं. कोर्टाने शिक्षा म्हणून मला इथे पाठवलंय. ही शाल मला घेता येणार नाही."

पहिल्या रांगेत कोणीतरी हसलं. गंमत वाटली असावी. मग हसणं थांबलं. अभिजितचा मोबाइल तसाच वर होता, पण तो त्यात बघत नव्हता. माझी नोकरी जाते की राहते, असा विचार माझ्या मनात आला. आधी बाईंचा यायला हवा होता.

दारात शोभामावशी उभ्या होत्या.

"भाषान झाला मां?" मावशी तिथूनच ओरडल्या. "मगे चल. भात लावचो आसा."

बाई स्टेजवरून उतरल्या आणि भात लावायला गेल्या.

दुसऱ्या दिवशी ट्रस्टींची मीटिंग झाली. चोर स्वयंपाकघरात नको, असं ठरत आलं होतं. परत पाठवलं असतं तर बाई पुन्हा मॅजिस्ट्रेटसमोर उभ्या राहिल्या असत्या आणि मी पुन्हा वाचनालयाच्या दारात. तेवढ्यात शोभामावशी मीटिंगमध्ये गेल्या. परबने मला नंतर सांगितलं, त्यांनी चोरीवर एक शब्द काढला नाही. एवढंच विचारलं, "तिका काढलास तर माका दुसरा माणूस कधी देतास?"

दुसरा माणूस नव्हता. बाई राहिल्या.

अभिजित आईशी बरेच दिवस बोलला नाही. मी बाईंना एकदा म्हटलं, "गप्प राहिला असतात तर कोणाचं काही बिघडलं नसतं."

"निरांजन दुकानात परत देता आलं," त्या म्हणाल्या. "शाल कुठे परत दिली असती?"

त्यांची शिक्षा पूर्ण झाली. मी कोर्टात रिपोर्ट दिला: काम समाधानकारक, वर्तन चांगलं. शेवटच्या दिवशी अभिजित न्यायला आला होता. गाडी धर्मशाळेच्या दारातच लावली होती, एरवीसारखी पुढच्या गल्लीत नाही. गाडीचं दार उघडून आईशी बोलला, "बस" एवढंच.

बाई पुन्हा धर्मशाळेत गेल्या नाहीत. दुधी चिरायला आवडतं असं त्या कधी म्हणाल्याही नव्हत्या. नंतर परबचा फोन आला.

"साहेब, शोभामावशी विचारतायत, दुसरा चोर कधी पाठवताय?"

तेव्हापासून नव्या संस्थेत गेलो, की मी आधी गुन्ह्याबद्दल बोलत नाही. पहिल्यांदा विचारतो, तुमच्याकडे सत्कार करतात का?