दुपट्ट्याखालचा हात

मामांच्या अंगावर दुपट्टा नाही असं मी एकदाच पाहिलं, त्यांना गाडीत घालून वर्ध्याला नेलं तेव्हा. एरवी तो दुपट्टा म्हणजेच त्यांचं दुकान. मामा बैलबाजारातले दलाल. विकणाऱ्याचा हात दुपट्ट्याखाली घ्यायचे, बोटं दाबून भाव विचारायचे, मग तसाच घेणाऱ्याचा हात घ्यायचे. तोंडानं मात्र पाऊसपाण्याच्या गप्पा चालू. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी भाव कुणाला कळायचा नाही. ते कुणाचेच सख्खे मामा नव्हते, पण आम्हा हिंगणीकरांना त्यांचं खरं नाव आठवावं लागायचं.

मी गावच्या शाळेत मास्तर झालो तेव्हा एकदा त्यांना चिडवलं होतं, की एवढं झाकून करता म्हणजे यात काहीतरी लबाडी असणार. मामा रागावले नाहीत. म्हणाले, "मास्तर, चारचौघात आकडा बोलला का माणूस अडून बसते. मंग चुकलं हे समजलं तरी मागं येता येत नाई त्याले. कपड्याखाली कसं, एक बोट मिटलं का आकडा बदलला. कोनी पाह्यलं नाई, कोनी हसलं नाई."

हे सांगणारा माणूस स्वतः मात्र चहाच्या टपरीवर, चारचौघातच अडकला. टाळेबंदीत बैलबाजार बंद झाला आणि हात न लावता सौदा करायचा कसा, हे काही मामांना सुचेना. तोंडाला मास्क म्हणून तोच दुपट्टा गुंडाळून ते टपरीवर यायचे आणि सरकारला धारेवर धरायचे. "दारूचं दुकान खुलं अन् बाजार बंद. बैलाले का कोरोना होते?" या म्हणण्यात तथ्य होतं, पण मी ते कधी कबूल केलं नाही. मी पेपर घेऊन जायचो आणि मोठ्यानं वाचून दाखवायचो. अर्धी टपरी त्यांच्या बाजूनं, अर्धी माझ्या. खोटं कशाला सांगू, मला त्यात मजा येत होती. लस आली तेव्हा माझ्याच एका टोमण्यावर मामा उठून उभे राहिले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "सारं गाव टोचून घेईल, पन मी नाई घेत."

लसीकरणाचं शिबिर आमच्याच शाळेत लागलं. आधार कार्ड बघून नावं लिहायची ड्युटी माझी. दुपारी मामा आले. रांगेत न लागता सरळ माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले आणि ऊन लय तापून राह्यलं, यंदा बोर धरणात पाणी कमी हाय, असं काहीबाही बोलू लागले. बोलता बोलता त्यांनी दुपट्टा माझ्या हातावर टाकला. खालून त्यांचा हात आला, तळव्यात कार्ड ठेवलं आणि माझं बोट एकदा दाबलं.

मला कळलं नाही असं नाही. कळलं, तेच वाईट. पण वर्षभराचा वाद जिंकल्याची ती घडी मला सोडवेना. मी कार्ड वर धरलं आणि रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "घ्या, मामांचा सौदा पटला!"

सगळी रांग हसली. मामाही हसले. मग त्यांनी माझ्या हातातून कार्ड काढून घेतलं. "मी तं पाह्याले आलतो," एवढं म्हणून ते फाटकाबाहेर गेले.

उद्या घरी जाऊन समजूत घालू, असं मी चार दिवस म्हणत राहिलो. गेलो नाही. नंतर गावात लसच येईना आणि तिसऱ्या आठवड्यात मामांना ताप चढला. गाडी आली तेव्हा त्यांना दम लागला होता. दुपट्टा घरातच राहिला होता. मला बघून त्यांनी हात किंचित उचलला. मी नियमाप्रमाणे कुंपणापाशी, लांब उभा होतो. लांबूनच हात जोडले. मामा परत आले नाहीत.

त्या एका सुईनं ते वाचलेच असते, असं मी म्हणणार नाही. टोचून घेतलेलेही काही गेले. पण माझी बाजू बरोबर होती याचं मला आज काडीचंही समाधान नाही. त्यांच्यासाठी परत यायची वाट होती, ती मी बंद केली.

पुढचं शिबिर पावसाळ्यात झालं. मामी आल्या. इकडेतिकडे पाहून त्या टेबलाशी वाकल्या, पदराखालून कार्ड पुढे सरकवलं आणि हळूच म्हणाल्या, "नाव जोरानं नको घेजो, मास्तर."

मी मान वर केली नाही. "मामी, सोयाबीन कसं हाय यंदा?" असं विचारलं. त्या सांगत राहिल्या आणि मी खाली बघून त्यांचं नाव लिहिलं. एवढंच तर करायचं होतं मला, त्या दिवशी.