हेल्मेटात बसवलेली कोंबडी

नव्वदच्या दशकात माझे बाबा मुरबाडजवळच्या एका कारखान्यात खोकी बांधायचे. नोकरी कंत्राटी. दिवाळीनंतर काही जणांना पर्मनंट करणार होते आणि त्यात बाबांचा नंबर लागणार असं सगळे म्हणत होते. आमच्या पाड्यात तोवर कुणी कशातच पर्मनंट झालं नव्हतं.

कारखान्याने पिवळं हेल्मेट दिलं होतं. खोक्यांच्या शेडमध्ये डोक्यावर पडण्यासारखं काही नव्हतं, पण घालायचं म्हणजे घालायचं. एका रविवारी आईची कोंबडी खुडूक झाली. टोपली नेमकी मोडलेली. आईने हेल्मेटात पेंढा घातला, अंडी मांडली आणि कोंबडी बसवली. सकाळी बाबांनी हेल्मेट मागितलं.

“बसवलेली कोंबडी उठवत नाय,” आई म्हणाली.

हे बाबांनाही ठाऊक होतं. ते बोडक्या डोक्याने गेले आणि सुपरवायझरने विचारल्यावर जे होतं ते सांगून मोकळे झाले. खोटं बोल पण रेटून बोल, हे आमच्या बाबांना कुणी शिकवलंच नाही. माझा नुसता जळफळाट झाला.

सुपरवायझर म्हणाला, हा मिसयूज आहे.

मी कॉलेजात, त्यामुळे घरातलं सगळं इंग्रजी माझ्या गळ्यात. लायब्ररीतली जाडजूड डिक्शनरी काढली. ‘यूज’ मूळ लॅटिन, फ्रेंचमार्गे इंग्रजीत आलेला. पुढचं ‘मिस’ फ्रेंचांकडेही होतं, जुन्या इंग्रजांकडेही. अर्थ दोन्हीकडे तोच, चुकीचं किंवा वाईट. इतक्या लांबून निघालेला शब्द आमच्या कोंबडीपाशी येऊन थांबला होता. घरी मी एवढंच सांगितलं: चुकीचा वापर.

“मंग बरोबर कंचा?” बाबांनी विचारलं.

“डोक्यावर घालायचा.”

“आन् अंडी?” आईने विचारलं.

डिक्शनरीत अंड्यांबद्दल काही नव्हतं.

पिल्लं निघेपर्यंत बाबा रोज तसेच गेले. कोंबडीपायी नोकरी घालवशील, असं मी आईला तोंडावर बोलले. ती म्हणाली, “घालवली तर त्यो सायब घालवील. कोंबडीनं काय केलंय?”

पर्मनंट झाले ते बाबांच्याच शेडमधले आमचे शेजारचे काका. बाबा कंत्राटीच राहिले. पिल्लं मात्र बहुतेक जगली.

काही वर्षांनी कारखाना बंद पडला. कंत्राटी आणि पर्मनंट एकाच दिवशी घरी आले. बाबा दुसऱ्या दिवशी शेतावर गेले. शेजारचे काका हेल्मेट मांडीवर घेऊन आमच्या ओट्यावर बसून राहिले. आईने चहा दिला, तो निवला. ऊन उतरल्यावर त्यांनी हेल्मेट उलटं केलं आणि आत बघत विचारलं, “वैनी, ह्यात पेंढा किती घालायचा?”