कागदोपत्री खेळाडू

कुवेतमध्ये आपले इतके लोक राहतात, पण ज्याचा कागदावरचा धंदा आणि प्रत्यक्षातला धंदा तंतोतंत जुळतो असा माणूस मी एकच पाहिला, आणि तोही जेमतेम एका हिवाळ्यापुरता. इथे वर्क परमिटवर ‘मेहना’ नावाचा एक रकाना असतो. मेहना म्हणजे तुम्ही पोटासाठी काय करता ते. त्या रकान्यात सुतार लिहिलेला माणूस बिर्याणी रांधतो, मेंढपाळ लिहिलेला टॅक्सी चालवतो, आणि मी स्वतः दवाखान्याच्या प्रयोगशाळेत लोकांचं रक्त तपासत असताना पहिली काही वर्षं कागदोपत्री ‘विक्रेता’ होतो. कोणी हे मनावर घेत नाही. आमच्या हिच्या मामांनी घेतलं. त्यांच्या रकान्यात ‘लाइब’ लिहिलेलं होतं. लाइब म्हणजे खेळाडू. मामा बेसबॉलचे व्यावसायिक खेळाडू होते, आणि त्यांच्या मते आखातात उतरलेले पहिले भारतीय. हा दावा खोडून काढायला अजून कोणी पुढे आलेलं नाही, कारण या भानगडीत दुसरं कोणी पडलेलंच नाही.

मामा मूळचे अमरावतीकडचे. कॉलेजात क्रिकेटच्या संघात जागा नव्हती म्हणून कोणीतरी त्यांना बेसबॉलच्या संघात ढकललं आणि हातात कॅचरचा जाडजूड मोजा कोंबला. फलंदाजाच्या मागे उकिडवं बसून येईल तो चेंडू झेलायचा, हे कॅचरचं काम. पदवी सुटली, पण मोजा सुटला नाही. मामा तिशीला आले त्या सुमारास कुवेतमधला बांधकामसामानाचा एक मोठा व्यापारी अमेरिकेत शिकून परतला होता. येताना त्यानं पदवी आणली की नाही ते ठाऊक नाही, बेसबॉलचं वेड मात्र आणलं. त्यानं मुंबईच्या एजंटाकडे मागणी पाठवली : दहा गवंडी, चार वेल्डर, एक कॅचर. एजंट बिचारा बांधकामातला. त्याला वाटलं, खालून फेकलेल्या विटा वरच्या मजल्यावर झेलणारा माणूस हवा असणार. त्यानं मामांची परीक्षा विटा फेकूनच घेतली. मामांनी एकही वीट जमिनीला लागू दिली नाही. ही हकीकत ते मोठ्या अभिमानानं सांगतात आणि शेवटी म्हणतात, “जावईबापू, तशी सिलेक्शन ट्रायल जगात कोणीच देल्ली नसंन.”

मामांची कारकीर्द ऑक्टोबरात सुरू झाली आणि फेब्रुवारीत संपली. अम्गराच्या वखारींमागच्या वाळूत मैदान आखलं होतं. बेसच्या जागी सिमेंटच्या भरलेल्या गोण्या होत्या. संघात फिलिपिनो, दोन मिसरी, म्हणजे इजिप्तचे, एक मलबारी सुतार आणि चेंडू टाकायला, म्हणजे पिचर म्हणून, खुद्द मालक. मालकाचा चेंडू कुठे जाईल ते मालकालाही माहीत नसे, त्यामुळे कॅचरच्या कर्तृत्वाला भरपूर वाव होता. मामांच्या डाव्या हाताची करंगळी आजही बाहेरच्या बाजूला बघते, ती त्याच हिवाळ्यातली. एकंदर सामने किती झाले, याविषयी मतभेद आहेत. मामा सात म्हणतात. मी खोलात शिरलो तेव्हा चार हाती लागले, आणि त्यातला एक धुळीच्या वादळात बुडाला होता. उन्हाळा लागला तसा मालकाचा जीव बेसबॉलवरून उडाला आणि ससाण्यांवर बसला. बॅटी गोदामात गेल्या. त्या नीट राहाव्यात म्हणून मामांनी गोदामाची किल्ली स्वतःकडे मागून घेतली, आणि अशा रीतीनं ते पुढची जवळजवळ तीस वर्षं त्या गोदामाचे स्टोअरकीपर झाले. परमिटवरचा शब्द मात्र त्यांनी कोणाला बदलू दिला नाही.

खेळ थांबला तरी कॅचर उठला नाही. मामा आमच्याकडे शुक्रवारी जेवायला येतात तेव्हा रिकाम्या सोफ्यासमोर उकिडवे बसतात आणि तशा अवस्थेत तासभर गप्पा मारतात. त्यांच्या हातात काही दिलेलं त्यांना खपत नाही. “द्याचं नसते, फेकाचं असते,” हा त्यांचा दंडक. मीठ फेका, किल्ल्या फेका, कांदा फेका, मामा न बघता झेलतात. एकदा मंडळाच्या गणपतीत अध्यक्षीणबाई त्यांना नारळ द्यायला आल्या, तर हे चार पावलं मागे सरकून उकिडवे बसले आणि “फेका बिनधास्त!” म्हणाले. बाईंनी घाबरून नारळ माझ्या हातात ठेवला. क्रिकेटविषयी मामांना तिरस्कार नाही, कीव आहे. “त्याच्यात निम्मे लोक नुसते उभे रायतात,” ते म्हणतात, “उभं राहाले खेळाडू कायले पायजे, खांब पायजे.”

बोटांनी खुणा करायची सवय त्याहून भयंकर. कॅचरनं मांड्यांच्या आडून बोटं दाखवून कसा चेंडू टाकायचा ते सांगायचं असतं. मामा ही भाषा वाणसामानवाल्यापासून लिफ्टमनपर्यंत सगळ्यांशी बोलतात. शर्कच्या मासळीबाजारात एकदा मी त्यांना नेलं. मासळी खाणाऱ्यातले ते नव्हेत. टोपल्या उचलून फेकणाऱ्या हमालांचे झेल पाहायला आले होते. लिलाव चालू होता. एका हमालाचं चुकतंय असं वाटून मामांनी लांबून त्याला बोटांनी सूचना दिल्या : दोन, मग एक, मग तीन. लिलाववाल्यानं ती बोली धरली आणि पापलेटांची अख्खी टोपली आमच्या नावावर केली. त्या आठवड्यात आमच्या इमारतीत ज्याच्या त्याच्या घरी पापलेट होतं, आणि मामा सगळ्यांना सांगत होते की सिग्नल बरोबर होता, पिचर कच्चा होता.

परमिटची घडी ते प्लास्टिकमध्ये घालून पाकिटात ठेवत आणि न मागता दाखवत. रुमैथियाजवळ एकदा गाडी चालवत फोनवर बोलताना मला पोलिसानं अडवलं. मी अजून लायसन शोधतोय तोवर मामांनी खिडकीतून आपलं परमिट पुढे केलं. पोलिसानं ‘लाइब’ वाचलं, मामांकडे पाहिलं, त्यांच्या पांढऱ्या मिशांकडे पाहिलं, आणि हा कोणीतरी जुन्या काळचा नामांकित फुटबॉलपटू असणार असं ठरवून त्यांच्याशी आदरानं हात मिळवला. मामांनी छाती पुढे काढून फोटोही काढून दिला. दंड अर्थात मला झाला.

हे सगळं मी लोकांना रंगवून सांगतो तेव्हा एक गोष्ट गाळतो. खेळाडूला इथे बायको आणता येत नाही. स्टोअरकीपरला, पगार पुरेसा असेल तर, येते, आणि मामांचा पगार पुरेसा होता. कंपनीची सरकारी कागदपत्रं करणारा मंदूब, म्हणजे एक वयस्कर मिसरी गृहस्थ, दर खेपेला म्हणायचा, “बाबा, मेहना बदलो, मदाम को लाओ.” मामा म्हणायचे, पुढच्या वर्षी. मामींना त्यांनी एवढंच सांगितलं होतं की इथे नियम नाही. बाकीचं एका लग्नात माझ्या बायकोनं मामींना सांगून टाकलं. ती सांगते, मामी हसल्या आणि म्हणाल्या, “असू दे. त्यायले तेवढंच तं आहे.” मला मामांचा राग यायचा. एका शब्दापायी माणूस इतकी वर्षं बायकोला वर्षातून तीस दिवस भेटतो, यात गंमत कसली?

या वर्षी मामांना साठ पूर्ण झाली. परमिटचं नूतनीकरण आलं तसा मंदूब पहिल्यांदाच हट्टाला पेटला. “साठ साल का प्लेयर? काउंटरवाला बोलेगा, मजाक है क्या? स्टोअरकीपर लिखो, नहीं तो घर जाओ.” मामांची मुलगी नागपूरला शिकते आहे, तिची दोन वर्षं बाकी आहेत. घरी जाऊन चालणार नव्हतं. तीन दिवस मामा आमच्याकडे फिरकले नाहीत. चौथ्या दिवशी फोन आला, “जावईबापू, मले कचेरीत घेऊन चालता काय?”

कचेरीत काउंटरला एक तरुण कुवेती मुलगी होती. मेहना का बदलायची, याचं कारण फॉर्मवर लिहायचं होतं. मंदूब सांगणार तेवढ्यात मामा पुढे झाले आणि मोडक्या अरबीत म्हणाले, “लिहा, निवृत्त.” मुलीनं मान हलवली. निवृत्त लिहिलं तर परमिटच मिळणार नाही, निवृत्त माणसाला काम कशाला, असं तिनं समजावलं, आणि तिचं बरोबर होतं. मामा काउंटरच्या कडेला हात ठेवून उभे राहिले. एवढी वर्षं ते कागदावर खेळत होते, आणि आता रीतसर निवृत्त होण्याची सोयही नव्हती. शेवटी मंदूबनं ‘कंपनीच्या विनंतीवरून’ असं लिहिलं आणि मामांनी त्याखाली सही केली. मुलीनं जुन्या परमिटवर शिक्का मारून ते फायलीत टाकलं. त्याची एक प्रत मिळेल का, असं मामांनी विचारलं. नाही, ती म्हणाली, पण हळू म्हणाली.

गाडीत बसल्यावर मामांनी मामींना फोन लावला. त्यांचा फोन नेहमी स्पीकरवर असतो, कारण त्यांना गुपित ठेवता येत नाही.

“झालं,” मामा म्हणाले. “आजपासून मी स्टोअरकीपर.”

मामी म्हणाल्या, “खेळाडूची बायको म्हनून मी इतके वर्सं एकटी रायली. स्टोअरकीपरचीच रायची असती, तं तुमच्याजवळ रायली असती ना हो.”

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. मामांनी फोन कानाशी नेला, स्पीकर बंद करायचं त्यांना सुचलं नाही, आणि नुसतं “हाव” म्हणाले. ज्या माणसाच्या हातून मी आजवर काही निसटलेलं पाहिलं नव्हतं, त्याच्याकडे मला त्या क्षणी बघवेना. मी रस्त्याकडे बघत राहिलो. मला त्यांचा राग यायला हवा होता, तो आला नाही. वाईट वाटलं, आणि दोघांसाठी सारखंच वाटलं.

दोन सिग्नल गेले. मग मामा म्हणाले, “जावईबापू, बायको आनाचा फॉर्म त्याच कचेरीत भेटते काय?”

साठीनंतर तो फॉर्म मंजूर होतो की नाही, ते मला माहीत नव्हतं. आम्ही निघालो तेव्हाच कचेरी बंद होत होती, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. मी पुढच्या यू-टर्नला गाडी वळवली.