पेटीवरचं नाव

किस्से भंगार यार्डातल्या लोखंडासारखे असतात. मुद्दाम कुणी आणून टाकत नाही, तरी ढीग वाढतच जातो. आमच्या चहाच्या टेबलावरचा ढीग आता तिघांनाही पेलेनासा झालाय. तिघं म्हणजे नाना, आबा आणि मी. नाना इंजिन ड्रायव्हर, आबा स्टोअरमधले हेडक्लार्क, मी गार्ड. तिघंही भुसावळचे, तिघंही रिटायर, आणि तिघंही एकेकाळी अर्धे फौजी!

म्हणजे असं, की रेल्वेतल्या लोकांची प्रादेशिक सेनेची एक तुकडी इथे होती. एरवी आपापली नोकरी, मधून मधून कॅम्प, आणि लढाई लागली की वर्दी चढवून सरहद्दीकडच्या गाड्या चालवायच्या. पुढे ती तुकडी मोडली. तिच्या सामानाची एक खोली उरली. तिथे छोटंसं संग्रहालय करायचं ठरलं आणि वस्तू लावायला आम्हा म्हाताऱ्यांना बोलावणं आलं. आता जे सांगतोय ते सगळं त्या खोलीतलं.

* * *

सामान उपसताना पहिल्यांदा सापडला तो परेडचा फोटो. सगळी रांग समोर बघतेय आणि एकच माणूस मान वळवून मागे. ते आमचे नाना.

झालं होतं असं, की हवालदाराने ‘तेज चल’ म्हटलं की नाना आधी मागे बघायचे, मग पाय उचलायचे. रोज शिक्षा व्हायची. बंदूक डोक्यावर धरून मैदानाला चकरा. शेवटी हवालदाराने विचारलं, बाबा, तुझा प्रॉब्लेम काय आहे?

नाना म्हणाले, “साहेब, मागून गार्डाचा हिरवा झेंडा दिसल्याशिवाय मी हलत नाही.”

हवालदार इतका हसला म्हणे, की परेड तिथेच सुटली. त्याच वर्षी एकाहत्तरची लढाई झाली. खोलीबाहेर हुतात्म्यांच्या नावांचा संगमरवरी दगड आहे, त्यावर पहिलं नाव त्या हवालदाराचं. फोटो लावताना नानांनी खिळा स्वतः ठोकला, आम्हाला हात लावू दिला नाही.

* * *

मग तो रूळ. बॉम्ब पडून वेडावाकडा झालेला हातभर तुकडा. लढाईवरून परतताना नानांनीच तो गाडीत घालून आणला होता. पण रेल्वेत रूळ म्हणजे रेल्वेची मालमत्ता. तपासणीत दिसला की कुणीतरी तो भंगारात पाठवायचं, आणि आबा यार्डात जाऊन, ओळखीपाळखी काढून तो परत आणायचे. वर्षानुवर्षं हा खेळ चालला.

यंदा त्याला कायमचं ठेवायचं तर कागद हवा, म्हणून आबांनी भंगारात काढल्याचा जुना फॉर्म शोधून काढला. नुकसानीचं कारण या रकान्यात कुण्या कारकुनाने सुबक अक्षरात लिहिलं होतं, ‘नेहमीची झीज.’

आबा स्वतः जन्मभर कारकून. तरी त्यांना त्या दिवशी कारकुनांचा राग आला. आम्ही तेच दोन शब्द कार्डावर लिहून रुळाखाली लावले. बघायला येणारे हसतात, आणि मग जरा वेळाने हसायचे थांबतात.

* * *

एक किस्सा अगदी छोटा आहे. एका ट्रंकेत ॲल्युमिनियमचा डबा निघाला, एका बाजूने चेपलेला. आबा म्हणाले, कुणाचा असेल कोण जाणे. नानांनी तो हातात घेतला, झाकण उघडून आत पाहिलं. काही नव्हतं.

“याच्यात शेवभाजी यायची,” नाना म्हणाले.

डबा त्यांच्या इंजिनात कोळसा टाकणाऱ्या फायरमनचा होता. त्याचंही नाव दगडावर आहे. नाना बाहेर जाऊन उन्हात उभे राहिले, आणि आम्ही ट्रंकेतलं बाकीचं सामान लावत बसलो.

* * *

आता अक्का. चाळीसगावकडच्या एका खेड्यातल्या. त्यांचे यजमान यशवंत धुडकू पाटील माझ्यासारखेच गार्ड आणि आमच्याच तुकडीतले. एकाहत्तरला दारूगोळ्याची गाडी घेऊन गेले, विमानांनी गाडी टिपली, संपले.

पण दगडावर त्यांचं नाव नाही. कारण काय, तर तुकडीचं बोलावणं आलं तेव्हा आधी युनिटमध्ये हजर व्हायचं, सही करायची, मग गाडीवर जायचं, अशी रीत होती. त्या दिवशी गाडी उभी होती आणि गार्ड नव्हता. यशवंतभाऊ थेट गाडीवर गेले. हजेरी परत आल्यावर लावू म्हणाले. झालं! रेल्वे सांगते, आम्ही माणूस फौजेला सोडला होता. फौज सांगते, आमच्याकडे तो हजरच झाला नाही. बाईंना पेन्शन मिळाली, पोरं शिकली, त्याबद्दल त्यांची तक्रार नाही. त्यांना फक्त दगडावर नाव पाहिजे होतं, आणि तेही आपले डोळे मिटायच्या आत.

आम्ही त्यांना घेऊन साहेबांकडे गेलो. खोलीचा चार्ज असलेले हे साहेब तरुण, सभ्य. अक्कांना खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि नियमात बसत नाही हे इतक्या नम्रपणे समजावलं की आम्हाला भांडताही येईना. रेकॉर्डला जे नाव नाही ते मी कसं उच्चारणार, असं म्हणाले.

अक्कांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, “त्या मरी ग्यात, हाई तरी मान्य शे ना तुम्हले?”

यशवंतभाऊ मेले हे तरी मानता ना, एवढंच बाईंचं म्हणणं. साहेबांनी पाण्याचा ग्लास पुन्हा अक्कांपुढे सरकवला. त्यांचाही नाइलाज होता, पण मला त्या वेळी त्यांची अजिबात कीव आली नाही.

* * *

मग आबांनी वाट काढली. गार्डाची लोखंडी पेटी असते. झेंडे, दिवा, सगळं तिच्यात घेऊन तो गाडीवर चढतो, आणि झाकणावर त्याचं नाव रंगवलेलं असतं. यशवंतभाऊ आले नाहीत, पण त्यांची पेटी आली होती. ती जमा करायची असते, पण मागायची हिंमत कुणाला झाली नाही, आणि ती अक्कांच्या घरी राहिली. पांढऱ्या अक्षरांत नाव, खाली गार्ड, भुसावळ. अक्का रोज तेलाचा बोळा फिरवायच्या.

आबा म्हणाले, दगड जमत नाही, तर पेटी संग्रहालयात ठेवू. वस्तूला हजेरी लागत नाही! येणारा-जाणारा नाव वाचेल. अक्कांना ठरवायला दोन दिवस लागले. मग पेटी रिक्षात ठेवून स्वतः घेऊन आल्या. झाकण लोकांच्या नजरेला पडेल असं ठेवा, एवढंच त्यांनी सांगितलं.

* * *

उद्घाटनाला मोठे साहेब येणार म्हटल्यावर आमच्या अंगात रेल्वे आली. इन्स्पेक्शन म्हटलं की रेल्वेचा माणूस आधी रंगाचा डबा उघडतो. झाडांच्या बुंध्यांना गेरू, दगडांना चुना, आणि बाकी जे समोर येईल त्याला रंग. आबांनी फौजी हिरवा ऑइलपेंट आणला. मी स्टँड रंगवले, आबांनी दार. नाना सकाळी सर्वांच्या आधी येऊन बसले होते. एका डोळ्याचा मोतीबिंदू नुकताच काढलेला, दुसऱ्याचा तसाच, आणि हातात ब्रश. आम्ही पोचलो तेव्हा यशवंतभाऊंची पेटी नखशिखांत हिरवीगार झाली होती. झाकणसुद्धा.

“चकाचक झाली ना?” नाना म्हणाले.

आबा झाकणाकडे धावले. नाव रंगाखाली गेलं हे मी नानांना सांगितलं, तेव्हा त्यांनी ब्रश खाली ठेवला. टर्पेंटाइन शोधायला कुणी जाणार, तोवर दारात मोटारी आल्या आणि त्यांच्या मागे रिक्षातून अक्का.

मोठे साहेब आले, बरोबर आपले तरुण साहेब, हातात वस्तूंच्या माहितीचा कागद. फोटो झाला, रूळ झाला. पेटीपाशी येऊन मोठ्या साहेबांनी विचारलं, ही कुणाची? तरुण साहेब कागदात शोधायला लागले. नाना भिंतीकडे तोंड करून उभे.

अक्का खुर्चीवरून उठल्या. पेटीपुढे खाली बसल्या. झाकणावर हात ठेवला तर तळवा हिरवा झाला. त्यांनी एकदा नानांकडे पाहिलं, रागावल्या नाहीत. पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि ओला रंग घासायला लागल्या. खालचा जुना रंग पक्का होता. आधी ‘य’ दिसला. मग ‘शवंत’. पाटीलपर्यंत पोचायला त्यांना बराच वेळ लागला, आणि मोठे साहेबही तेवढा वेळ तसेच उभे राहिले.

सगळं उघडं झाल्यावर अक्कांनी तरुण साहेबांकडे वर पाहिलं.

“वाचा आते.”

साहेबांनी एकदा मोठ्या साहेबांकडे पाहिलं. मग वाकून, मोठ्याने, शाळेत वाचतात तसं वाचलं, “यशवंत धुडकू पाटील. गार्ड, भुसावळ.”

“निंघनं नाव तुमना तोंडमाईन,” अक्का म्हणाल्या, आणि हिरवा झालेला पदर डोक्यावर घेऊन खुर्चीवर जाऊन बसल्या.